वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकेचे नौदल

प्रश्न : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडातील कापसाला एकेकाळी सोन्याचा भाव आला होता, असे आमच्या गावातील जुनी माणसे सांगत. परंतु ते युद्ध तर जमिनीवर लढले गेले. मग ते जिंकण्यात नौदलाचा वाटा कितपत होता?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तो भाव आला, त्यामागे नौदलच होते. १९ एप्रिल १८६१ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेतील बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, तेव्हा साडेपाच हजार किलोमीटर किनाऱ्यावर पहारा ठेवण्याइतकी जहाजे त्यांच्यापाशी नव्हती; व्यापारी जहाजे विकत घेऊन आणि त्यांवर तोफा चढवून आरमार उभे करावे लागले. दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी त्याला हातभारच लावला. कापूस मिळाला नाही की इंग्लंड नाक मुठीत धरून आपल्या मदतीला येईल, या भरवशावर त्यांनी पहिल्या वर्षी स्वतःच निर्यात रोखून धरली. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या कितीतरी कापडगिरण्या बंद पडल्या, कामगारांची उपासमार झाली, पण इंग्लंड युद्धात उतरले नाही. तेथील व्यापारी इजिप्त आणि हिंदुस्थानकडे वळले. (त्या तेजीतले शेतकऱ्याच्या पदरात किती पडले, हा वेगळा विषय आहे. नागपूरपर्यंतचा लोहमार्गही १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर पुरा झाला.)

नाकेबंदी अभेद्य मात्र नव्हती. करड्या रंगाची, बुटकी, वेगवान जहाजे अमावास्येच्या अंधारात, धूर दिसू नये म्हणून अँथ्रासाइट कोळसा जाळत ये-जा करीत आणि बहुतेक वेळा निसटतही. पण त्यांत माल मावणार किती? बंदुका आल्या, चैनीच्या वस्तूही आल्या. रेल्वेचे रूळ, यंत्रे असा अवजड माल फारसा येईना. मिठाचा तुटवडा तर इतका, की मांस खारवून धुरी देण्याच्या कोठ्यांची जमीन खणून, ती माती पाण्यात उकळून लोक मीठ काढीत.

माझ्या मते समुद्रापेक्षा नद्यांवरचे काम अधिक निर्णायक ठरले. एप्रिल १८६२ मध्ये लिंकन यांच्या नौदलातील सेनानी फॅरागट याच्या ताफ्याने मिसिसिपी नदीवरचे न्यू ऑर्लिन्स हे दक्षिणेतील सर्वांत मोठे शहर घेतले. पुढच्या वर्षी त्याच नौदलातील पोर्टरच्या चिलखती बोटी रात्री विक्सबर्ग या नदीकाठच्या दक्षिणी ठाण्याच्या तोफांसमोरून निसटल्या नसत्या, तर लिंकन यांचे सेनापती ग्रँट यांच्या फौजेला मिसिसिपी ओलांडता आली नसती आणि ४ जुलै १८६३ रोजी ते ठाणे पडलेही नसते. अर्थात, फौजेवाचून नौदलही तेथे लंगडेच होते : १८६२ च्या उन्हाळ्यात पुरेसे सैन्य सोबत नसल्यामुळे याच विक्सबर्गपुढून फॅरागटला हात हलवत परतावे लागले होते.