अंडं मेलं तर माझ्यामुळे मरेल

"मॅडम, पोरगी मोबाईलमध्ये खोटी जनावरं पाळत्याय, डोक्यावर परिणाम झालाय काय हो?" मी समुपदेशक, त्यामुळे थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. बेळगावातून येतो, खानापूर-निपाणीकडून येतो. रील्स किंवा मारामारीचे गेम असले की आईवडिलांना निदान काय चाललंय ते कळतं. पण ड्रॅगनचं अंडं दत्तक घ्यायचं, ते उबवायचं, पिल्लाला नाव ठेवायचं आणि असे शेकडो ड्रॅगन जमवत बसायचं, हे ऐकलं की त्यांचा धीर सुटतो. म्हणून एक अनुभव सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिला मुक्ता म्हणू. पीयूसी दुसरं वर्ष, म्हणजे बारावी, सायन्स. घर वडगावात, वडील उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला, आजी अंथरुणाला खिळलेली, भाऊ सातवीत. आई बसल्या बसल्या सुरू झाली, "रात्री दोनला उठून मोबाईल घेत्याय. काय करूलीस गे विचारलं तर म्हणते, अंडं मरेल. आमच्या घरात अंडं येत नाही हो, माळकरी माणसं आम्ही!"

मुक्ता खाली मान घालून हसली. ही मुलगी बोलेल, हे मला तेव्हाच कळलं.

तिला म्हटलं, मोबाईल काढ आणि मला सगळं दाखव. खेळ 'ड्रॅगन केव्ह' नावाचा. गुहेतून अंडं घ्यायचं. त्याला मुदत सात दिवसांची. दुसऱ्यांनी येऊन ते पाहिलं की त्याचं आयुष्य पुढे सरकतं. पुरेशा नजरा पडल्या तर फुटून पिल्लू निघतं, नाही तर मरतं. मोठ्या झालेल्या ड्रॅगनला पुढे काहीच करावं लागत नाही, तो संग्रहात राहतो. हे वेड आजचंही नाही. जपानमध्ये १९९६ साली तामागोची आलं, तेव्हा मुलं ते शाळेत नेत, कारण घरी ठेवलं तर उपाशी मरेल. १९९९ च्या निओपेट्समध्ये प्राणी उपाशी राहतो, पण मरत नाही. मोठ्यांना हा फरक किरकोळ वाटेल. माझ्या कामात तो फार मोलाचा आहे.

"तुझी अंडी किती आहेत आत्ता?"

"दोनच."

"मग रात्री दोनला कशाला उठतेस?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ती माझी नसतात. ज्यांची मुदत संपत आलेली असते, ते लिंक देतात. मी बघते, आणखी लोकांना पाठवते. मी हो म्हटलेलं असतं ना."

"आणि नाही उठलीस तर?"

"मेलं तर माझ्यामुळेच मेलं की."

इथे बरेच जण मोबाईलचे तास मोजायला बसले असते. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञाच्या वाटेने काम करते. घटनेपेक्षा माणूस स्वतःला काय सांगतो, ते आधी ऐकते. आजीच्या रात्रीच्या गोळ्या मुक्ता देते. भावाचा अभ्यास मुक्ता घेते. मैत्रिणींची प्रॅक्टिकलची रेकॉर्ड बुकं मुक्ता पुरी करून देते. "मी नाही केलं तर कुणाचं तरी वाईट होईल, आणि मग मी वाईट", हे तिचं वाक्य घरातच तयार झालं होतं. ड्रॅगन फार उशिरा आले.

पुढे एकदा विचारलं, "हातातलं अंडं सोडता येतं का?"

"येतं. मग ते सोडलेल्या अंड्यांच्या पानावर जातं. तिथून कुणीही घेऊ शकतं."

"एक सोड."

"नको मॅडम."

हे "नको" पुष्कळ दिवस चाललं. मी रेटलं नाही. मग एके दिवशी तिनेच खुर्ची पुढे ओढली, मोबाईल टेबलावर ठेवला आणि मी समोर असताना एक अंडं सोडलं. मग तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. थोड्या वेळाने अंडं तिथून नाहीसं झालं.

"घेतलं कुणीतरी."

"कोणी?"

"काय माहीत!" आधी हसली, मग ओढणीत तोंड लपवून रडली. "माझ्याशिवाय पण होतंय की सगळं."

अशा वेळी समुपदेशकाच्या जिभेवर शहाणपण वळवळतं. ते गिळता येणं हीच या कामातली खरी कमाई, आणि ती मी केली आहे असं आता म्हणायला हरकत नाही.

कुणी घेतलं नसतं तर? त्याचीही तयारी होती. नेहमी कुणीतरी घेईलच, हा दिलासा कच्चाच. एखादं अंडं खरंच मरतं आणि तरीही आपण वाईट ठरत नाही, हा एलिसचा पक्का धडा. तोही आम्ही पुढे गिरवला.

आईशी वेगळं बोलणं झालं. ती दर अर्ध्या तासाने लेकीच्या खोलीत डोकावायची. मुक्ताने तिला शांतपणे सांगितलं की थोड्या वेळात फार लोकांनी पाहिलं तर अंडं आजारी पडतं, मग त्यावर धुकं टाकून ते झाकावं लागतं. आई माझ्याकडे वळली, "म्हणजे आता मी पण धुकं टाकू म्हणा की!" त्यानंतर आजीच्या गोळ्या वडिलांकडे गेल्या, रात्रपाळी नसेल तेव्हा. रात्री दहानंतर लिंक घ्यायची नाही, हे मुक्ताने स्वतः ठरवलं आणि तिकडच्या मित्रांना कळवलं. काही जण नाराज झाले. होऊ देत.

असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात असेल तर "हे कधी बंद करणार?" विचारू नका. "आज नाही केलंस तर काय होईल?" हे विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. "काही नाही, मजा जाईल" असं म्हटलं तर तो छंद आहे. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना आपण कधी डॉक्टरकडे नेलं होतं? उत्तरात भीती किंवा अपराधीपणा आला तर तेवढ्यापुरतंच बोला, प्राणी खरे की खोटे या वादात शिरू नका. चोरून अकाउंट उडवणं तर मुळीच नको. ज्याला आधीच वाटतंय की माझ्यामुळे कुणी मरेल, त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही ते खरं करून दाखवता.

आजार कशाला म्हणायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत गेमिंगचा विकार आहे. त्याला ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, हे सहसा वर्षभर दिसावं लागतं. ड्रॅगन आवडणं त्यात कुठेच नाही. पण झोप, जेवण, कॉलेज खरोखरच कोलमडलं असेल तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. बेंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून खास मोबाईल-गेमिंगच्या व्यसनासाठीचं क्लिनिक आहे. तिथे जाताना मुलाला "तुला दाखवायला नेतोय" असं म्हणू नका, घरातले सगळेच जा.