पूर्वीचं बॅलीज, आताचं हॉर्सशू : आई-वडिलांना घेऊन राहावं का?

तुमचा प्रश्न असा की, लास व्हेगासचं हॉर्सशू म्हणजे खरं तर जुनं बॅलीजच आहे, मग सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना तिथे ठेवावं की चार पैसे जास्त टाकून नवीन हॉटेल घ्यावं. खुशाल ठेवा. आम्ही 2024 च्या एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन तीन रात्री राहिलो, तिथूनच ग्रँड कॅनियनला गेलो. पण 'जुनं' या एका शब्दावरून आमच्या घरात जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहवत नाही.

बाबा मुंबई अग्निशमन दलात होते, 31 वर्षं. भायखळ्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही दोघं भाऊ वाढलो. आगीची वर्दी आली की बाबा जेवणाच्या पानावरून उठायचे आणि आई पान झाकून ठेवायची, हे आम्ही रोज बघितलंय.

चेक-इन करून लिफ्टकडे जाताना मी सहज म्हणालो, "बाबा, याचं नाव दीड वर्षापूर्वीच बदललं. आधी हे बॅलीज होतं." त्यांनी विचारलं, "आणि त्याच्या आधी?" मी मोबाइलवर बघितलं. 1973 साली हे एमजीएम ग्रँड म्हणून उघडलं होतं. बाबा कॅसिनोच्या गालिच्यावर बॅग हातात धरून तिथेच थांबले. "हेच का ते? आम्हाला नागपूरच्या फायर कॉलेजात शिकवलंय हे."

21 नोव्हेंबर 1980. सकाळी सातच्या सुमाराला तळमजल्यावरच्या खाण्याच्या जागेत, भिंतीच्या आतल्या वायरिंगमधून आग लागली आणि काही मिनिटांत अख्खा कॅसिनो पेटला. 85 माणसं गेली. आग वरच्या मजल्यांवर पोहोचलीही नव्हती, तरी बहुतेक माणसं वरच गेली, धुराने. लिफ्टचे उभे बोगदे, जिने, इमारतीतल्या सांध्यांच्या फटी, सगळीकडून धूर वर चढला. जिन्यात उतरलेल्यांच्या मागे दारं बंद झाली, ती आतून उघडेनात. कॅसिनोत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणारे नळ, नव्हते, कारण तिथे चोवीस तास माणसं असणार, आग लागली तर लगेच दिसेल, असं गृहीत धरलं होतं. हे सगळं बाबांनी मला लिफ्टची वाट बघता बघता सांगितलं, कालच घडल्यासारखं.

खोलीत सामान टाकल्यावर ते चपला घालून पुन्हा बाहेर पडले, मी मागोमाग. डावा हात भिंतीला टेकवून ते दारं मोजत चालले. सात दारं, मग बर्फाच्या मशीनची खोली, मग जिना. परत येताना डोळे मिटून मोजली. जिन्याचं दार उघडल्यावर एक पाय उंबऱ्यावरच ठेवला आणि आतली पाटी पूर्ण वाचून होईपर्यंत तो काढला नाही. छताकडे बघून स्प्रिंकलर मोजले. खोलीत येऊन हॉटेलच्या वहीच्या कागदावर लिहिलं, "डावीकडे 7, मग जिना", आणि तो कागद आईच्या चष्म्याखाली ठेवला. म्हणाले, "चांगलं आहे. झोपा आता."

दुसऱ्या दिवशी मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि पुण्याहून दादाचा मेसेज आला, "85 माणसं मेली त्या हॉटेलात बाबांना ठेवलंस? पैसे वाचवायला?" तो माझ्या मनाला अजून लागून राहिलाय. कारण दोन वर्षं आधी दादाच आईला घेऊन इकडे आला होता, तेव्हा त्याने 'अगदी नवीन' म्हणून जास्त पैसे देऊन एक हॉटेल घेतलं होतं. नाव नवीन होतं, पाटी नवीन होती, नळातून मात्र पहिल्या दिवशी गंजाचं पाणी आलं आणि दोनपैकी एक लिफ्ट बंद. आई त्या चार दिवसांत खाली उतरायलाच कंटाळली. तेव्हा कोणी एक शब्द बोललं नाही.

म्हणून तुम्हालाही सांगतो, नाव बघू नका, इमारत कुठली ते बघा. आजचं एमजीएम ग्रँड 1993 चं, वेगळ्याच जागेवर. आणि बॅलीजच्या दोन टॉवरांपैकी एक 2023 मध्ये शेजारच्या पॅरिस हॉटेलला पुलाने जोडून 'व्हर्साय' केला. म्हणजे पॅरिसच्या नावाने बुकिंग करूनही तुम्ही कदाचित जुन्या बॅलीजमध्येच झोपाल. हॉर्सशू हे नावही मूळचं डाउनटाउनमधल्या बिनियन यांच्या कॅसिनोचं, या इमारतीचं नव्हेच. उलट त्या आगीनंतर नेवाडा राज्यात जुन्या उंच हॉटेलांनाही स्प्रिंकलर बसवणं सक्तीचं झालं आणि हेच हॉटेल 1981 च्या जुलैत ते बसवून पुन्हा उघडलं. बाबांचं म्हणणं, जी इमारत एकदा जळलीय तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. दादाला मी हे तीनदा लिहिलं. त्याने फक्त अंगठा पाठवला.

सोयीचं म्हणाल तर जागा उत्तम. बेलाजिओ हॉटेलची कारंजी समोरच, वडील माणसं रमतगमत चालत जातात. पॅरिसला आतूनच जाता येतं, मोनोरेलचं स्टेशन आवारात आहे. ती विमानतळाला मात्र जात नाही. खोल्यांत किटली असेल असं धरून चालू नका, व्हेगासमध्ये बहुतेक ठिकाणी नसते. आईसाठी मी घरून थर्मास नेला होता, पहाटेचा चहा खालून भरून आणायचो. रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या भाड्यावर हॉटेल सक्तीने लावतं ती जादा रक्कम, दरात धरलीय का ते बघून घ्या. मे 2025 पासून अमेरिकेत ती धरूनच दर दाखवावा लागतो, पण जुने लेख वाचून हिशोब केलात तर चुकेल. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे पोकरची जागतिक स्पर्धा असते, तेव्हा गर्दी.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. लिफ्टकडे जायला कॅसिनोतूनच जावं लागतं आणि नेवाडात कॅसिनोत सिगारेट ओढायला परवानगी आहे. तुमच्या आई-वडिलांपैकी कोणाला दमा असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पार्क एमजीएम हे हॉटेल घ्या, तिथे 2020 पासून धूम्रपान पूर्ण बंद आहे. तेही जुनंच आहे म्हणा, 2018 पर्यंत त्याचं नाव मॉन्टे कार्लो होतं. पोहोचलात की खोलीपासून जिन्यापर्यंतची दारं मात्र मोजा, दोन्ही बाजूंची.