वाचकांचे प्रश्न : माया दिनगणना, घर आणि मनाचे स्थैर्य

प्रश्न : इंटरनेटवरील एका गणकात जन्मतारीख घातल्यावर मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या दिनगणनेनुसार माझे चिन्ह 'निळी रात्र' आले आणि त्याचा अर्थ घर, स्वप्ने व आंतरिक स्थैर्य असा दिला होता. दुसऱ्या गणकाने त्याच तारखेला निराळेच चिन्ह दाखवले. यांतले खरे कोणते मानावे? आणि माया परंपरेत घराचा मनाच्या स्थैर्याशी खरोखर काही संबंध आहे का?

उत्तर : आपल्याला मिळालेली दोन उत्तरे बहुधा दोन निराळ्या मोजण्यांची आहेत. 'निळी रात्र' हे नाव अमेरिकेतील होजे आर्ग्वेयेस यांनी १९९० च्या सुमारास रचलेल्या 'ड्रीमस्पेल' या पद्धतीतले आहे. या पद्धतीने मायांचे २० दिवस आणि १३ अंक घेतले, पण २९ फेब्रुवारी हा दिवस ती मोजतच नाही. त्यामुळे दर लीप वर्षी ती पारंपरिक मोजणीपासून आणखी एक दिवस दूर सरकते. ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात किचे आणि इतर माया समाज जी मोजणी पाळतात तिच्यात दिवस गाळण्याची सोयच नाही, आणि स्पॅनिश राजवट व मिशनऱ्यांची बंदी अंगावर घेऊनही ती आजवर चालू राहिली आहे. ड्रीमस्पेलमधून कोणाला दिलासा मिळत असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र तिला माया परंपरा म्हणणे योग्य ठरणार नाही.

या पारंपरिक मोजणीला किचे भाषेत चोल्किह म्हणतात. वार आणि तारीख जशा एकाच वेळी पुढे सरकतात, तसे १ ते १३ हे अंक आणि २० दिवसनावे तिच्यात बरोबरीने चालतात आणि २६० दिवसांनी तीच जोडी पुन्हा येते. ड्रीमस्पेलच्या 'निळ्या रात्री'मागचा मूळ दिवस अकबाल हा होय. रात्र, पहाटेचा अंधार आणि उजाडण्याची वेळ यांच्याशी तो जोडलेला आहे, आणि मोमोस्तेनांगो या किचे गावात मुलीला मागणी घालण्याच्या विधींशीही त्याचे नाते आहे. मध्य मेक्सिकोच्या दिनमालिकेत याच तिसऱ्या जागी 'घर' हा दिवस येतो. तेव्हा आपल्या गणकाने घराचा उल्लेख अगदीच हवेतून काढलेला नाही. पण त्यावरून अकबालला जन्मलेला माणूस स्वभावतःच स्थिर असतो, असा जो अर्थ लावला जातो, त्याला परंपरेत आधार सापडत नाही, कारण तेथे प्रत्येक दिवसाला अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजू असतात व सोबतच्या अंकावरून त्या दिवसाचे बळ कमीजास्त होते.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. सोळाव्या शतकात किचे भाषेत, पण लॅटिन लिपीत लिहिल्या गेलेल्या 'पोपोल वुह' या ग्रंथाच्या प्रारंभी विश्वाची निर्मिती जमिनीची आखणी केल्यासारखी वर्णिली आहे : चार बाजू आणि चार कोपरे ठरवले जातात, खुंट्या ठोकल्या जातात, दोरी दुमडून मापली जाते आणि आकाशावर व पृथ्वीवर ताणली जाते. मक्याचे शेत किंवा नवे घर आखण्याची रीत हीच. त्याहून जुना पुरावा ग्वाटेमालातील किरिग्वा या प्राचीन माया नगरात इ.स. ७७५ मध्ये उभारलेल्या एका शिलास्तंभावर आहे. मायांच्या गणनेतील सध्याच्या कालचक्राच्या आरंभी, म्हणजे इ.स.पू. ३११४ मध्ये, तीन दगड मांडले गेले, असे त्यावर कोरलेले आहे. माया घरातली चूल तीनच दगडांची असते, म्हणून अनेक अभ्यासक या नोंदीत विश्वाची चूल पाहतात. मायांच्या अभिजात काळातील (सुमारे इ.स. २५० ते ९००) कोरीव लेखांत नव्या वास्तूत अग्नी प्रवेश करतो, असे सांगणाऱ्या नोंदीही वारंवार येतात. भिंती उभ्या राहिल्या की घर झाले, असे या लोकांनी मानलेले दिसत नाही.

मात्र घर आणि दिनगणना यांची सर्वांत घट्ट गाठ मोमोस्तेनांगोच्या कुलस्थानांत दिसते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तेथेच आहे. तेथील घराण्यांची आपापल्या जमिनीवर 'वाराबाल हा' नावाची लहान पूजास्थाने असतात. घरात मूल होणार असले, लग्न ठरले किंवा कोणी वारले, तर घराण्याचा पुरोहित योग्य दिवस पाहून तेथे धूप जाळतो आणि पूर्वजांना ती वार्ता देतो. दिवसाचे एकच नाव दर २० दिवसांनी परत येते, तेव्हा त्याचा अंक सातने पुढे गेलेला असतो आणि तेरा ओलांडले की पुन्हा एकपासून मोजला जातो. म्हणून १ अंकाच्या दिवसानंतर त्याच नावाचा ८ अंकाचा दिवस येतो, आणि १ ला मांडलेली विनंती ८ ला पुन्हा नेता येते. घर टिकते ते अशा ठरलेल्या दिवसांच्या फेऱ्यांवर. ठरलेले विधी टाळणाऱ्या घराण्यावर आजारपण व तंटे येतात, अशी तेथील समजूत आहे. ती आपण मानावी असे नाही, पण घर म्हणजे निभावण्याचे कर्तव्य हा तिच्यामागचा विचार त्यातून स्पष्ट होतो.

आंतरिक स्थैर्याविषयीही तेथील धारणा आपल्या अपेक्षेपेक्षा निराळी आहे. दिवस मोजणाऱ्या जाणत्याला अह्किह म्हणतात. पांगाऱ्याच्या कुळातील त्सिते झाडाच्या लाल बिया तो मूठभर घेतो, चार-चारांच्या ढिगांत मांडतो आणि एकेका ढिगावर बोट ठेवत दिवसांची नावे पुकारत जातो. मोजता मोजता त्याच्या अंगात कोठेतरी स्फुरण उठते, वीज चमकावी तसे. त्याला 'रक्त बोलले' असे म्हणतात. हे स्फुरण शरीराच्या उजव्या बाजूला झाले की डाव्या, आणि कोणत्या दिवसाचे नाव घेताना झाले, यावरून उत्तर जुळवले जाते. येथे निश्चल मनाला विशेष मोल नाही. आतली हालचाल चालूच राहणार, ती कोणत्या दिवसाची हे ओळखता यावे, एवढीच अपेक्षा आहे, आणि सततच्या शांतीच्या आश्वासनांपेक्षा ती मला अधिक प्रामाणिक वाटते.

प्रश्न : घर पूजास्थानाला आणि जमिनीला इतके बांधलेले असेल, तर ज्यांना गाव सोडावे लागले त्यांचे काय?

उत्तर : ग्वाटेमालात हा प्रश्न काल्पनिक नाही. १९६० ते १९९६ या काळातील यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असा तेथील सत्यशोधन आयोगाचा १९९९ मधील अंदाज आहे, आणि बळींत माया लोकांचेच प्रमाण फार मोठे होते. गावेच्या गावे जाळली गेली, हजारो कुटुंबे मेक्सिकोत आश्रयाला गेली. कुलस्थान मागे राहिले की त्याची जागा दुसऱ्या कशाने भरत नाही, आणि परंपरेत सर्व काही 'मनातल्या घरात' हलवता येते असे सांगणे या लोकांच्या हानीला क्षुल्लक ठरवणे होईल. दिवसांची मोजणी मात्र पाठांतरावर चालते. तिला ना देवळाची गरज आहे, ना पोथीची. १९९५ मध्ये झालेल्या मूलनिवासींच्या ओळख व हक्कविषयक करारात माया अध्यात्म, पवित्र स्थळे आणि आध्यात्मिक मार्गदर्शक यांना मान्यता देण्यात आली. त्या मान्यतेत जागांचाही समावेश होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रश्न : मी स्वतः या दिनगणनेनुसार घरात विधी सुरू करू शकतो का?

उत्तर : दिवसांची नावे व अंक शिकण्यास आणि पारंपरिक मोजणीनुसार त्यांची नोंद ठेवण्यास कोणाचीही आडकाठी नाही. विधी ही निराळी बाब आहे. अह्किह होण्यासाठी गुरूच्या हाताखाली अनेक महिने शिकावे लागते, मोमोस्तेनांगोत दीक्षा ८ बात्स या दिवशी मिळते आणि तो दिवस २६० दिवसांतून एकदाच येतो. शिवाय दीक्षेबरोबर समाजातील इतरांसाठी मोजण्याची जबाबदारी गळ्यात पडते. ती जबाबदारी पत्करायची नसेल, तर विधी न करणेच योग्य.