वाचकांचे प्रश्न : समीकरणात नसलेले मीठ

प्रश्न : मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी बेरियम टायटनेट या विद्युत सिरॅमिकची पूड तयार करायची असून, मार्गदर्शकांनी बेरियम कार्बोनेट व टायटेनियम डायऑक्साइडच्या मिश्रणात सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइड घालून ते भट्टीत ठेवायला सांगितले आहे. समीकरणात मीठ कुठेच दिसत नाही. मग ते घालायचे कशासाठी? आणि घरचे मीठ चालेल का? (एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड, नाशिक)

उत्तर : मीठ समीकरणात दिसत नाही, कारण ते अभिक्रियेत भाग घेत नाही; अभिक्रिया त्याच्यात घडते. दोन कोरड्या पुडी कितीही बारीक वाटून मिसळल्या, तरी त्यांचे कण एकमेकांना मोजक्या ठिकाणीच टेकतात, आणि तिथे नव्या संयुगाचा थर बसला की पुढच्या आयनांना (विद्युतभारित कणांना) त्या घन थरातूनच वाट काढावी लागते. म्हणून मिठाशिवाय हेच काम करताना भट्टी साधारण 1100 अंश सेल्सिअसच्या वर न्यावी लागते, पूड मधूनमधून काढून पुन्हा वाटावी लागते आणि शेवटी हाती येतात ते एकमेकांना चिकटलेले ओबडधोबड कण. द्रव माध्यम मिळाले तर ही अडचण दूर होते, पण या तापमानाला पाणी किंवा अल्कोहोल टिकणार नाही. वितळलेले मीठ टिकते. ते संपूर्णपणे आयनांचे बनलेले असल्यामुळे ऑक्साइडे आणि कार्बोनेटे त्यात थोडी का होईना विरघळतात. हे विरघळणे थोडे असले तरी पुरते, कारण विरघळलेला भाग उत्पादन होऊन बाहेर पडत राहतो आणि त्याची जागा घेण्यासाठी नवा भाग विरघळत राहतो.

दोन क्लोराइडे घेण्यामागे हिशेब आहे. सोडियम क्लोराइड 801 अंशांना वितळते, पोटॅशियम क्लोराइड 770 अंशांना. पण दोघांचे रेणुभार लक्षात घेऊन सममोल, म्हणजे दोघांचे मोल सारखे असलेले, मिश्रण केले (वजनाने साधारण 44 ला 56) तर ते 660 अंशांच्या आसपासच वितळते. लिथियम आणि पोटॅशियम क्लोराइडचे योग्य मिश्रण तर 355 अंशांच्या जवळपास द्रव होते. अ‍ॅल्युमिनियमचा धंदा अशाच युक्तीवर उभा आहे : अ‍ॅल्युमिना स्वतः 2000 अंशांच्याही वर वितळतो, परंतु 1886 साली अमेरिकेतील हॉल आणि फ्रान्समधील एरू यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (अ‍ॅल्युमिनियम व सोडियमच्या फ्लोराइड खनिजात) विरघळवला तर साधारण 960 अंशांनाच विद्युत अपघटन करता येते.

तुमच्या प्रकल्पात मला सर्वांत रोचक वाटतो तो कणांच्या आकाराचा भाग. दोन अभिक्रियाकारकांपैकी जो मिठात कमी विरघळतो, त्याचा आकार बहुधा उत्पादनात उतरतो. टायटेनियम डायऑक्साइड कमी विरघळत असल्याने बेरियम त्याच्याकडे येऊन भिडते; त्यामुळे सुरुवातीला सळईसारखे कण घेतले, तर सळईसारखे बेरियम टायटनेट मिळण्याची शक्यता असते. प्रबंधात या मुद्द्यासाठी सूक्ष्मदर्शकाची दोन चित्रे, आधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी अवश्य ठेवा.

घरचे मीठ वापरू नका. त्यात आयोडीनयुक्त क्षार असतो आणि ते मोकळे राहावे म्हणून घातलेली द्रव्येही असतात. प्रयोगशाळेचे मीठसुद्धा आधी ओव्हनमध्ये वाळवा, कारण स्फटिकांच्या पोकळ्यांत अडकलेल्या पाण्यामुळे ते तापताना तडतडते आणि मुशीबाहेर उडते. क्लोराइडांसाठी अ‍ॅल्युमिनाची मूस चालते. वर झाकण हवेच, नाहीतर मिठाची वाफ भट्टीच्या तारा खराब करील. थंड झालेला गोळा गरम ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका : दह्यासारखा पांढरा साका येणे थांबले, म्हणजे क्लोराइड गेले. बहुतेकांची पूड इथेच घाईने बिघडते.

एक स्थानिक सूचना. पुढे लिथियम क्लोराइड वापरण्याचा विचार असेल, तर जुलै-ऑगस्टमधील नाशिकच्या हवेत ते उघडे ठेवू नका. काचेच्या तबकडीवर मांडलेली पूड पाहता पाहता ओली होते. मॅग्नेशियम क्लोराइड तर आणखी त्रासदायक आहे : स्फटिकजलासह तापवले की पाणी नुसते निघून जात नाही, ते क्लोराइडशीच अभिक्रिया करते, हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि मागे ऑक्साइड मिसळलेला माल उरतो.

प्रश्न : आमच्या अंबडच्या कारखान्यात पोलादाच्या हीट ट्रीटमेंटसाठी सॉल्ट बाथ (वितळलेल्या मिठाची कुंडे) आहेत. तिथेही अभिक्रिया होते, की मीठ फक्त उष्णता देते? (एक सुपरवायझर, अंबड औद्योगिक वसाहत)

उत्तर : बाथ कोणता, यावर ते अवलंबून आहे. नायट्रेटचा किंवा बेरियम क्लोराइडचा बाथ मुख्यतः उष्णता पोहोचवतो. पोलादाशी अभिक्रिया होऊ नये हीच तिथे अपेक्षा असते. सुमारे 570 अंशांवरील सायनेटच्या बाथमध्ये मात्र अभिक्रिया हेच उद्दिष्ट असते : सायनेटमधून सुटणारा नायट्रोजन पोलादाच्या पृष्ठभागात शिरतो आणि तिथे कठीण थर तयार होतो.

यावरूनच एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सायनाइड असलेल्या बाथमधून काढलेला जॉब (प्रक्रियेचा पोलादी भाग) न धुता, न वाळवता नायट्रेटच्या बाथमध्ये कधीही सोडू नये. नायट्रेट हे जोरदार ऑक्सिडीकारक असून या मिश्रणाचा स्फोट होऊ शकतो. ओला जॉबही तितकाच घातक : पाणी वितळलेल्या मिठाखाली गेले, की क्षणात त्याची वाफ होऊन सुमारे सतराशे पट जागा मागते आणि तापलेले मीठ अंगावर येते. सायनाइडचे धुवणाचे पाणी अल्कधर्मी ठेवून हायपोक्लोराइटने प्रक्रिया केल्याशिवाय गटारात सोडू नका, आणि त्यात आम्ल तर चुकूनही पडू देऊ नका, कारण त्यातून प्राणघातक हायड्रोजन सायनाइड सुटतो. औद्योगिक वसाहतीच्या नाल्यातले पाणी शेवटी नासर्डीतून गोदावरीतच जाते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : खोलीच्या तापमानाला द्रव असणारे क्षार असतात, हे खरे का? (एक निवृत्त शिक्षक, पंचवटी)

उत्तर : खरे आहे. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी 1914 साली इथिलअमोनियम नायट्रेटचे वर्णन केले. त्याचा द्रवणांक केवळ 12 अंश सेल्सिअस. त्यातला धन आयन मोठा आणि बेढब असल्याने तो ऋण आयनांसोबत नीट रचून बसत नाही, म्हणून स्फटिक लवकर मोडतो. 100 अंशांखाली वितळणाऱ्या अशा क्षारांना आयनिक द्रव म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र त्यांतले बरेचसे सेंद्रिय असल्याने काही शे अंशांना विघटित होतात, आणि म्हणून वरच्या विद्यार्थिनीच्या भट्टीत त्यांचा उपयोग नाही.