पामिटॉइल क्लोराइड असताना अनहायड्राइड कशाला?

प्रश्न: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणात असतो तसा, दोन फॅटी अ‍ॅसिड चेनवाला लिपिड) बनवतेय. गाइड म्हणतात चेन जोडायला पामिटिक अनहायड्राइड (पामिटिक अ‍ॅसिडचे दोन रेणू पाणी काढून जोडलेलं संयुग) वापर. पण लॅबमध्ये पामिटॉइल क्लोराइड आहे आणि ते जास्त रिअ‍ॅक्टिव्हपण आहे, मग हे कशाला? अनहायड्राइडची बाटली जुनी आहे पण मेल्टिंग पॉइंट ६३ च्या आसपास आला, म्हणजे चालेल ना?

उत्तर: आधी बाटलीचं बोलू, कारण इथेच बरेच जण फसतात. पामिटिक अ‍ॅसिडचा मेल्टिंग पॉइंटही साधारण ६३ डिग्रीच आहे, त्यामुळे ओल लागून अनहायड्राइडचं परत अ‍ॅसिड झालं असलं तरी या आकड्यावरून फारसं काही कळणार नाही. आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रम काढा. अनहायड्राइडला १८१५ आणि १७४५ सेमी⁻¹ च्या जवळपास दोन कार्बोनिल (C=O) पट्टे दिसतात, अ‍ॅसिडला १७०० जवळ एकच. तो १७००चा पट्टा ठळक असेल तर बाटली बाजूला ठेवा आणि ताजं बनवा. दोन मोल अ‍ॅसिडला एक मोल डीसीसी (पाणी काढून घेणारं जोडणी-रसायन) घ्यायचं, त्यापासून जो युरिया बनून खाली बसतो तो गाळून टाकायचा, झालं. ओलेइकसारख्या डबल बाँडवाल्या अ‍ॅसिडलाही ही पद्धत चालते कारण तापवावं लागत नाही.

आता क्लोराइडचं. ते जोरात रिअ‍ॅक्ट होतं हे खरंय, पण सोबत एचसीएल हे तीव्र अ‍ॅसिड सोडतं, आणि बेस घातला तरी रेणूत अ‍ॅसिडने तुटणारा ट्रायटिलसारखा संरक्षक ग्रुप किंवा प्लाझ्मॅलोजेनमधला (एका प्रकारच्या फॉस्फोलिपिडमधला) व्हिनाइल ईथर असेल तर धोका राहतोच. अनहायड्राइडमधून सुटतं ते फक्त फॅटी अ‍ॅसिड. त्याचा संथपणा डीएमएपी हा कॅटॅलिस्ट भरून काढतो, स्टेग्लिश आणि हॉफ्ले यांनी १९६९ मध्ये दाखवलं तेव्हापासून अडलेल्या (शेजारच्या मोठ्या ग्रुपमुळे सहज रिअ‍ॅक्ट न होणाऱ्या) अल्कोहोलसाठीसुद्धा ही जोडी वापरतात. तोटा एकच पण मोठा, ४९५ ग्रॅम अनहायड्राइडमागे २५६ ग्रॅम अ‍ॅसिड म्हणून परत येतं, म्हणजे निम्म्याहून जास्त वाया, आणि ते अ‍ॅसिड प्रॉडक्टपासून वेगळं करायला कॉलम क्रोमॅटोग्राफी लागतेच. म्हणून कार्बन-१३ किंवा ड्युटेरियम (जड आयसोटोप) लावलेलं महागडं अ‍ॅसिड असेल तर अनहायड्राइड न बनवता थेट डीसीसी आणि डीएमएपीने जोडा.

तुमच्या रेणूत दोन्ही चेन पामिटिकच असतील तर ग्लिसरोफॉस्फोकोलीनपासून (दोन्ही चेन नसलेल्या सांगाड्यापासून) सुरुवात करा, ते क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही म्हणून बरेच जण कॅडमियम क्लोराइडचा कॉम्प्लेक्स घेतात, पण कॅडमियम विषारी आहे, ग्लोव्हज आणि फ्यूम हूडशिवाय हात लावू नका, कचरा वेगळ्या बाटलीत.

दोन वेगळ्या चेन हव्या असतील तर मात्र लायसो संयुगापासून (एकच चेन असलेल्या फॉस्फोलिपिडपासून) जावं लागेल आणि खरी काळजी तिथे घ्यायची. रिअ‍ॅक्शन लांबली की ग्लिसरॉलच्या पहिल्या जागेवरची चेन दुसऱ्या जागेवर सरकते आणि शेवटी मिश्रण हातात येतं, तरी टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफीवर) त्याचा एकच ठिपका दिसतो! फॉस्फोलायपेज ए२ हे एन्झाइम फक्त दुसऱ्या जागेवरची चेन तोडतं, तेव्हा थोडा माल त्याने तोडून कोणती अ‍ॅसिडं सुटतात ते बघा आणि मगच पुढचं स्टेप घ्या.