बधिर अंगठ्याकडे दुर्लक्ष करू नका: ताकाते-कोते शिकणाऱ्या दांपत्यास

तुम्ही लिहिले आहे की दोन महिन्यांपासून तुम्ही आणि तुमच्या पत्नी घरी जपानी पद्धतीची दोरबांधणी शिकत आहात, पाठीमागे हात बांधल्यानंतर त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मागच्या बाजूला दुसऱ्या दिवसापर्यंत बधिरपणा राहतो, आणि आता अधांतरी टांगण्याच्या टप्प्यासाठी कोणती दोरी घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे. दोरीविषयी शेवटी लिहिते. त्या अंगठ्याविषयी वाचताना मात्र मला नऊ वर्षांपूर्वीचा माझाच हात आठवला, म्हणून आधी त्याबद्दल लिहिणे मला अधिक गरजेचे वाटते. मी डॉक्टर नाही. बांधून घेणारी व्यक्ती म्हणून जे भोगले आणि नंतर जे समजून घेतले, तेवढेच सांगत आहे.

संमती, थांबण्याचा ठरलेला शब्द, गळ्याभोवती दोरी न घेणे, बांधलेल्या माणसाला क्षणभरही एकटे न सोडणे, हे सारे तुम्ही पाळता असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही.

तेव्हा माझ्या पतींच्या नोकरीनिमित्त आम्ही योकोहामाला राहत होतो आणि टोकियोतील एका लहानशा वर्गात शिबारी, म्हणजे हीच जपानी दोरबांधणी, शिकत होतो. तिथल्या शिक्षकांनी पहिले काही महिने फक्त एक मनगट किंवा एक घोटा बांधायचा, तोही जमिनीवर बसून, असे बजावले होते. आम्हाला घाई झाली आणि तिसऱ्याच महिन्यात आम्ही घरी ताकाते-कोते बांधले. ताकाते म्हणजे दंड आणि कोते म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. पाठीमागे हातांची घडी घालून दंड आणि छाती यांच्याभोवती दोरीचे वेढे घेतात, तीच ही बांधणी. मनगट उचलणारी आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला संवेदना देणारी रेडियल नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येते आणि खांद्याचा गोल स्नायू जिथे संपतो त्याच्या खालच्या भागात ती हाडाला अगदी लगटून असते. आमचा वरचा वेढा सरकून नेमका तिथे येऊन बसला. प्रत्येकाच्या शरीरात नसेची वाट थोडी वेगळी असते, म्हणून दुसऱ्या कोणाला त्याच जागी काही झाले नाही, हा आधार धरू नये.

साधारण सातव्या-आठव्या मिनिटाला माझ्या हाताला मुंग्या आल्या आणि थोड्या वेळाने त्या थांबल्या. आता हात सरावला, असे मी समजले. प्रत्यक्षात संवेदनाच गेली होती. पतींनी अर्धा तास मन लावून एकेक वेढा बसवला होता, त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते, ते मोडू नये म्हणून मी गप्प राहिले. ही माझी सर्वांत मोठी चूक, आणि तुमच्या पत्नीही तुमच्यासाठी असेच काही सोसत असतील, ही शंका तुमचे लिहिणे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. दोरी सोडली तेव्हा काहीही दुखत नव्हते, पण मनगट वर उचलले जाईना. पंजा नुसता लोंबत राहिला.

लाजेपोटी मी दोन दिवसांनी एका दवाखान्यात गेले आणि हात अंगाखाली घेऊन झोपले होते, असे सांगितले. तिथे मानेचा एक्स-रे काढला, मानेच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि परत पाठवले. मनगट उचलून दाखवा, एवढेसुद्धा कोणी म्हटले नाही, याचा राग मला आजही आहे, पण खोटे मी बोलले होते हेही खरे. यात तीन आठवडे गेले. दुसऱ्या डॉक्टरांना मी सगळे सरळ सांगितले, तेव्हा दोरी नेमकी कुठे होती आणि किती वेळ होती, एवढेच त्यांनी शांतपणे विचारले. मग मनगटाला आधार देणारी पट्टी, व्यायाम आणि वाट पाहणे. पुन्हा लाटणे धरून पोळी लाटता येईपर्यंत अकरा आठवडे लागले. म्हणून माझे ठाम मत आहे की डॉक्टरांपासून दोरी लपवू नये. तुमच्या पत्नींचा बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, तेव्हा त्यांनी आताच न्यूरॉलॉजिस्टना दाखवावे.

बांधण्यापूर्वी आणि त्यानंतर दर काही मिनिटांनी आम्ही आता ताकद तपासतो. माझे पती माझ्या पंजाच्या मागच्या बाजूवर हलका दाब देतात आणि मी मनगट मागे वळवते, अंगठा ताठ उभा करते, बोटे फाकवते. मुंग्यांची वाट पाहत बसू नका, कारण कधी कधी त्या न येताच ताकद जाते. हात निळसर किंवा गार पडणे रक्तप्रवाहाशी निगडित असते; नसेची इजा त्याहून गुपचूप होते. जरा जरी फरक जाणवला तर वेढा सरकवून पाहू नका, सोडा, आणि गाठ सुटत नसेल तर कापा. त्यासाठी बोथट टोकाची कात्री जवळ हवी, पण ती नुसती जवळ असून पुरत नाही. एखादी जुनी दोरी एकदा कापून पाहा, म्हणजे ऐनवेळी हात अडखळत नाही.

परंपरेने चालत आले म्हणून ते सुरक्षित आहे, असेही मानू नये. या बांधणीच्या मागे जपानच्या एदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) होजोजुत्सु, म्हणजे कैद्यांना दोरीने जखडण्याची विद्या आहे, आणि बांधलेल्याची सोय पाहणे हा तिचा हेतू नव्हता. किनबाकुचे, म्हणजे याच दोरबांधणीचे, आजचे रूप विसाव्या शतकात घडले.

आता दोरी. साधारण 6 मिलिमीटर जाडीची आणि 7 ते 8 मीटर लांबीची तागाची मऊ दोरी घ्यावी. दुकानातली सुतळी खरखरीत असते आणि कधी तिला खनिज तेलाचा वास येतो, काथ्याने कातडी सोलवटते, आणि गुळगुळीत नायलॉन घसरून त्वचा भाजतो. अधांतरी टांगण्याला मात्र माझा विरोध आहे, निदान प्रत्यक्ष शिक्षकाच्या हाताखाली दीर्घकाळ शिकेपर्यंत तरी, कारण तिथे शरीराचा भार त्याच वेढ्यांवर येतो आणि सोडायला वेळही अधिक लागतो. सध्या पत्नींचा अंगठा पूर्ववत होईपर्यंत दंडाला दोरीच लावू नका. मांडी किंवा एखादा घोटा बांधण्याचा सराव चालू ठेवता येईल, मात्र गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, किंचित खाली, हाडाजवळून जाणारी नस तिथेही सांभाळावी लागते.