४५० वॅटचा अनोळखी ब्रँडचा एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) चांगला आहे का, कसं ओळखायचं?

बॉक्सवरचे ४५० वॅट सोडा, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि १२ ने गुणा. १८ अँपिअर असेल तर झाले २१६ वॅटच, आणि आजकालचे प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरूनच ओढतात. मागे ११५/२३० चा लाल स्विच असला, वायरी बारीक असल्या, हातात डबा हलका लागला तर जुनं स्वस्त डिझाइन समजा (आणि तो स्विच ११५ वर टाकू नका, फट्टकन जाईल). ८० प्लसचा (वीज कमी वाया जाते याच्या प्रमाणपत्राचा) लोगो काय कोणीही छापतो, मॉडेल नंबर ८० प्लसच्याच साइटवरच्या यादीत शोधा. फक्त स्टिकरही खोटं असू शकतं, त्यामुळे अँपिअर कमी दिसले तर नक्की नापास, पण जास्त दिसले म्हणून लगेच पास नाही.